देवाच्या अस्तित्वाबद्दल शंका आली, तर माणूस ख्रिस्ती उरतो का?

उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतली किनाऱ्याकडची गावं. इथली अनेक कोळी आणि शेतकरी कुटुंबं पोर्तुगीज काळापासून कॅथलिक आहेत. बाप्तिस्मा तान्हेपणीच होतो, म्हणजे धर्म आधी मिळतो आणि प्रश्न नंतर पडतात. ‘देव खरंच आहे का?’ हा प्रश्न पडला की पुढे काय होतं, ते समजून घेऊया.

शंका घेणं पाप आहे का?

कॅथलिक चर्चचा अधिकृत शिकवणग्रंथ, म्हणजे कॅटेकिझम, दोन प्रकारांत फरक करतो. मनात आपोआप आलेली शंका, न सुटणारा आक्षेप किंवा अस्वस्थता हा एक प्रकार. चर्चने सत्य म्हणून सांगितलेलं जाणूनबुजून नाकारणं किंवा त्याकडे पाठ फिरवणं हा दुसरा. मात्र पहिल्या प्रकारची शंकाही मुद्दाम जोपासली तर आध्यात्मिक आंधळेपण येऊ शकतं, असा इशारा हा ग्रंथ देतो.

अशी शंका आधी कुणाला आली होती?

येशूचा शिष्य संत थॉमस. येशू पुन्हा जिवंत झाला हे त्याने ऐकीव माहितीवर मानलं नाही. जखमांना हात लावून पाहीन, मगच मानेन, असं तो म्हणाला. परंपरेनुसार भारतात ख्रिस्ती धर्म आणणारा प्रेषित हाच.

मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपात आली. देव जाणवत नसल्याची वेदना त्यांनी अनेक दशकं सोसली, हे त्यातून जगाला कळलं. तरीही 2016 मध्ये त्यांना संतपद मिळालं.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा वाद देवाच्या अस्तित्वाशी नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. त्यांनी मिशनरी सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला, पण ख्रिस्ती धर्म सोडला नाही.

श्रद्धा उरलीच नाही तर?

चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा पुसता येत नाही. पण परिणाम होतात. जाहीरपणे श्रद्धा सोडलेल्या व्यक्तीचं चर्चमध्ये लग्न लावायला सहसा बिशपची परवानगी लागते. उघड धर्मत्याग केलेल्या व्यक्तीने मरणापूर्वी पश्चात्तापाची कोणतीही खूण दिली नसेल, तर तिला चर्चचे अंत्यविधी नाकारले जाऊ शकतात. गावात लग्न आणि मयत ही सगळ्यांची कामं असतात. त्यामुळे शंका एकट्याची असली, तरी तिची झळ घरादाराला लागते. अनेक जण गप्प राहतात त्याचं हेही एक कारण.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. येशूला मानणाऱ्या, पण स्वतःला कुठल्याच धर्माचे न म्हणवणाऱ्या काही जणांनी याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, असा निकाल 2014 मध्ये लागला.

थोडक्यात

शंका आली म्हणून कुणी चर्चबाहेर जात नाही आणि श्रद्धा सोडली म्हणून नागरिकाचा कोणताही हक्क जात नाही. घरातल्या कुणी हा प्रश्न विचारला, तर लगेच ‘नास्तिक’ म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवा: शंका आणि नकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं खुद्द चर्चच सांगतं.