भंडाऱ्याची मोठी सडक: मार्ग, इतिहास आणि प्रवासाची उपयोगी माहिती

भंडारा शहरातल्या कुणालाही "हायवे" म्हटले की एकच रस्ता डोळ्यासमोर येतो. नागपूरकडून येणारा, जिल्हा परिषद चौक आणि त्रिमूर्ती चौकातून जाणारा, वैनगंगा ओलांडून साकोलीकडे निघणारा. घरातली बुजुर्ग मंडळी याला आजही "मोठी सडक" म्हणतात. कागदावर याची नावे बदलत गेली, पण दवाखाना, कॉलेज, कचेरी, ईदची खरेदी, नातेवाईकांकडची शादी किंवा मय्यत, यातले काहीही असले तरी आपले पाऊल आधी याच सडकेवर पडते. म्हणून तिची माहिती एका जागी असावी, असे आम्हाला वाटले.

मार्ग कसा आहे?

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा. हा महामार्ग गुजरातमधील हजिरा बंदरापासून निघतो. सुरत, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, रायपूर, संबलपूर असे करत तो ओडिशातील पारादीप बंदराला पोहोचतो. म्हणजे आपल्या दारावरून जाणारा ट्रक अरबी समुद्राकडून बंगालच्या उपसागराकडे निघालेला असू शकतो.

आपल्या भागापुरते सांगायचे तर नागपूरची पारडी सोडली की मौदा लागते आणि त्यापुढे भंडारा जिल्हा सुरू होतो. आयुध निर्माणीमुळे ओळखले जाणारे जवाहरनगर, मग शहापूर, बेला आणि नंतर भंडारा शहर. नागपूर ते भंडारा अंतर सुमारे ६० किलोमीटर. शहर संपले की वैनगंगेचा पूल आणि पलीकडे कारधा. पुढे अशोक लेलँडचा कारखाना असलेले गडेगाव, मग लाखनी आणि साकोली. लाखनी आणि साकोलीत आता उड्डाणपूल आहेत. लांबची गाडी वरून निघून जाते, म्हणून गाडी गावात थांबणार की पुलावरून जाणार, हे चढण्याआधीच कंडक्टरला विचारून घ्या.

भंडाऱ्यातून दोन महत्त्वाचे फाटे निघतात. एक वरठी, मोहाडीवरून तुमसरला. दुसरा पहेला, अड्याळवरून पवनीला. जिल्ह्याच्या सात तालुक्यांतील बहुतेक लोकांना शहरात यायचे तर हा महामार्ग किंवा यातला एखादा फाटा धरावा लागतो.

नाव बदलले, रस्ता तोच

१८२० च्या सुमारास जिल्ह्याचे मुख्यालय लांजीहून भंडाऱ्याला आले. लांजी आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. १८५३ मध्ये नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. राजधानी नागपूर. तिथून छत्तीसगडकडे जाणारा रस्ता सरकारला पक्का हवा होता, कारण धान्य, कापड आणि फौज सगळे त्याच वाटेने जायचे. या रस्त्याला नाव पडले ग्रेट ईस्टर्न रोड. आपल्याकडे हे नाव विसरले गेले, पण राजनांदगाव, भिलाई आणि रायपूरमध्ये लोक आजही "जी. ई. रोड" म्हणतात. तिकडे कुणाचे मामा, खाला राहत असतील तर त्यांना सांगा, तुमच्या आणि आमच्या घरासमोरचा रस्ता एकच आहे.

स्वातंत्र्यानंतर हा राष्ट्रीय महामार्ग ६ झाला, हजिरा ते कोलकाता. २०१० मध्ये देशभरातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा हा ५३ झाला. तरीही दुकानांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी "एनएच सिक्स" टिकून आहे.

वैनगंगेचा पूल

कारध्याजवळ इंग्रजांच्या काळातला लहान पूल आहे. जास्त पाऊस झाला की तो पाण्याखाली जायचा आणि पूर्वेकडची गावे शहरापासून तुटायची. नंतर मोठा उंच पूल झाला आणि ती अडचण बरीच कमी झाली. पण नदीची भीती गेली नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातून आलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरातील वस्त्यांत पाणी शिरले. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याचे फुगलेले पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत येते. पावसाळ्यात साकोली किंवा पवनीकडे निघायचे असेल तर पुलाची आणि रस्त्याची खबर घेऊनच निघावे.

एसटी: लाल परीचा आधार

१९४८ साली एसटी सुरू झाली ती मुंबई राज्यात, पुणे ते अहमदनगर. तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि इथली प्रवासी बससेवा त्यानंतर महामंडळात आली. आज भंडाऱ्याहून नागपूर, लाखनी, साकोली, तुमसर, पवनी, गोंदिया अशा सगळ्या दिशांना बस मिळते. बस नसेल तिथे काळी-पिवळी आणि शेअर ऑटो आहेतच. पण एक लक्षात ठेवा, सरकारी सवलत फक्त एसटीत मिळते, काळी-पिवळीत नाही.

सवलती अशा:

- महिला: १७ मार्च २०२३ पासून सर्व प्रकारच्या एसटी बसमध्ये अर्धे तिकीट.
- ज्येष्ठ: ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आधार कार्ड सोबत हवे.
- मुले: ५ वर्षांखालील मोफत, ५ ते १२ वर्षे अर्धे तिकीट.
- विद्यार्थी: मासिक पासात ६६.६७ टक्के सूट, म्हणजे तीन रुपयांच्या जागी एकच रुपया.
- विद्यार्थिनी: शिक्षणासाठी गावाबाहेर जाणाऱ्या ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास.

ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. राजनांदगाव, रायपूर किंवा बालाघाटला जाणाऱ्या बसमध्ये हद्दीपुढचे पूर्ण भाडे द्यावे लागते. तेवढे पैसे वेगळे ठेवा.

पासाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण त्यात चूक आमची होती. सातवीतली एक मुलगी बाहेरगावाहून यायची. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हमखास गैरहजर. आम्ही रागावलो, वहीत शेरेही लिहिले. एक दिवस तिच्या अम्मी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "सर, महिना संपत आला की भाड्याला पैसे उरत नाहीत. म्हणून तिला घरी ठेवते." पोरगी रोज तिकीट काढून येत होती! मोफत पास मिळतो हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आणि सांगायचे काम आमचे होते. बोनाफाईड दाखला, फोटो, आधारची झेरॉक्स, एवढ्यावर काम झाले. त्या वर्षी पुढे तिची एकही सुट्टी पडली नाही. आता महामंडळ शाळेत येऊनही पास देते, पण त्यासाठी शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यावी लागते. जून लागला की पालकांनी मुख्याध्यापकांना एकदा विचारावे: यादी गेली का?

रेल्वे शहरात नाही, वरठीला

नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे आली तेव्हा ती भंडारा शहराच्या उत्तरेकडून गेली. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो मार्ग घेतला आणि कोलकात्याकडे नेला. म्हणून आपले स्टेशन सुमारे १० किलोमीटरवर वरठीला आहे आणि त्याचे नाव "भंडारा रोड". मुंबईची विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस इथे थांबतात. गोंदिया आणि इतवारीकडच्या लोकल गाड्याही मिळतात. रात्रीच्या गाडीने बायका-मुले येणार असतील तर वरठीहून शहरापर्यंतचा ऑटो आधीच ठरवून ठेवा.

नागपूरला पोहोचल्यावर

मेयोमध्ये पेशंट असेल किंवा मोमिनपुऱ्यात खरेदी असेल तर शहराच्या गर्दीत बसमध्ये बसून राहायची गरज नाही. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो प्रजापती नगरपर्यंत आली आहे. हे स्टेशन भंडाऱ्याकडून शहरात शिरतानाच लागते. तिथून सेंट्रल एव्हेन्यूवरून जाणारी मेट्रो पकडून डोसर वैश्य चौकाला उतरा, मोमिनपुरा जवळच आहे. मात्र तुमची बस प्रजापती नगरच्या आसपास थांबते का, हे तिकीट काढतानाच विचारा.

आता शहराच्या वाट्याला काय?

जड वाहनांसाठी शहराबाहेरून बायपास झाला आहे. त्यामुळे जुना रस्ता थोडा मोकळा झाला. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न इथून पुढचा आहे. दीडशे वर्षे हा रस्ता पुढे निघून जाणाऱ्यांसाठी रुंद होत गेला. तो ओलांडणाऱ्यांचा विचार फार कमी झाला. गांधी चौक, मुस्लिम लायब्ररी चौकाकडच्या जुन्या वस्तीतून मुले सायकलने निघतात. रस्ता मोकळा झाला की दुचाकी आणखी वेगात येतात, हेही आपण पाहतो. झेब्रा पट्टे, चालायला फुटपाथ, शाळेच्या वेळेला चौकात पोलीस, बस थांब्यावर सावली आणि दिवा, या मागण्या मोठ्या नाहीत. वॉर्डाच्या नगरसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि घरातही एक काम आहे. कॉलेज लांब आहे, रस्ता खराब आहे, असे म्हणून दहावीनंतर कितीतरी मुलींचे शिक्षण थांबते. मुलीला घरी बसवायचे ठरवण्याआधी एकदा आगारात जाऊन बसची वेळ विचारून या. पास मोफत आहे, बस घराजवळच्या फाट्यावर थांबते आणि गावातल्या दोन-तीन मुली सोबत निघाल्या तर अब्बांची काळजीही अर्धी होते.