चाळीची गॅलरी आणि मराठी गद्य

मराठी कथा-कादंबरीतील मुंबईविषयी आपल्या समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे; परंतु त्या मुंबईतील माणसे ज्या वास्तूत राहत होती, तिच्याकडे समीक्षकाची दृष्टी क्वचितच वळली. चाळ ‘पार्श्वभूमी’ म्हणून उल्लेखिली जाते आणि तेथेच तिचा विषय संपतो. वस्तुतः घरमालकाने पैसा वाचविण्यासाठी आणि नगररचनाकाराने उजेड मिळविण्यासाठी जे निर्णय घेतले, त्यांनी आपल्या गद्यातील संवादाला, विनोदाला, किंबहुना व्यक्तिचित्रणाच्या रीतीलाच वळण लावले असावे, असे मला वाटते. विधान धाडसाचे आहे. म्हणून प्रथम वास्तूच पाहू.

महाराष्ट्राबाहेरील वाचकासाठी सांगावयाचे तर चाळ म्हणजे एकीस एक लागून असलेल्या खोल्यांची ओळ. (घुंगरांच्या माळेलाही मराठीत चाळच म्हणतात.) दोन, तीन किंवा चार मजले, प्रत्येक मजल्यावर खोल्यांपुढून जाणारी एक लांब गॅलरी, एका अंगाला जिना, टोकाला सामायिक संडास आणि नळ. खोली साधारणपणे दहा फूट रुंद नि बारा-पंधरा फूट लांब. तिच्या एका कोपऱ्यात मोरी, वर माळा. सकाळी तेच स्वयंपाकघर, दुपारी तीच बाळंतिणीची खोली, रात्री तेच शयनगृह. खोलीत न मावणारे सारे गॅलरीत येई: अंथरुणे, वाळत घातलेले कपडे, म्हातारी माणसे, अभ्यास करणारी मुले आणि वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन.

पुण्या-नाशकाच्या चौसोपी वाड्याशी हिची तुलना केली म्हणजे भेद ध्यानात येतो. वाडा आत पाहतो. त्याच्या चौकावर ओसरीवर बसलेल्या कर्त्या पुरुषाची नजर असते. चाळ बाहेर पाहते आणि तिला कर्ता पुरुष नाही. मालक दूर राहतो, भाडे वसूल करणारा भय्या किंवा मेहता महिन्यातून एकदा येतो. एका छपराखाली राहणाऱ्या चाळीस-पन्नास कुटुंबांना परस्परांवर अधिकार कोणताही नाही, पण परस्परांचे ऐकू मात्र सर्व येते. अधिकाराविना साक्षित्व ही स्थिती मराठी समाजाला नवी होती.

आता उजेडाची गोष्ट. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग वाढतो अशी तेव्हाची वैद्यकीय समजूत होती. पिसू आणि उंदीर यांचे कार्य पुढे उलगडले. या समजुतीतून 1898 मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, दादर-माटुंग्यासारखे नवे भाग आखणे हे त्याचे काम. पाडलेल्या खोल्यांइतक्या नव्या खोल्या त्याने आरंभीच्या काळात बांधल्या नाहीत, ही टीका तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. परंतु या ट्रस्टने एक नियम रूढ केला, त्याचा वाङ्मयाच्या इतिहासात कोठेही निर्देश नाही. तो साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम होय. खोलीत पुरेसे आकाश दिसावे म्हणून तळाशी हा कोन धरून रेषा काढावयाची आणि समोरच्या इमारतीने त्या रेषेवर डोके काढावयाचे नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी याचा हिरिरीने पुरस्कार केला. विलायतेतील पंचेचाळीस अंशांचा मापदंड मुंबईच्या जमिनीच्या भावाला परवडणारा नव्हता, म्हणून ही तडजोड. गणित असे की उंची दोन तर मोकळी जागा एक. चाळीस फूट उंचीच्या दोन चाळी समोरासमोर उभ्या राहिल्या तर त्यांच्यामध्ये वीस फूट अंतर हवे.

वीस फुटांवरून माणसाचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो, आवाज न चढविता बोलता येते, आणि तरीही समोरच्याच्या ताटात काय आहे ते दिसत नाही. ऑर यांच्या मनात सूर्यप्रकाश होता. हाती आले ते संभाषण. शिवाय त्या वीस फुटांच्या पट्ट्यात मांडव घालता आला. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ 1893 मध्ये गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाला, म्हणजे ट्रस्टच्याही आधी. परंतु मेळे, व्याख्याने आणि हौशी नाटके यांना जे प्रेक्षागृह पुढे गल्लोगल्ली फुकट मिळाले, ते दोन चाळींमधल्या या मोकळ्या जागेचे. खाली रंगमंच, तिन्ही मजल्यांवर कठड्याला टेकलेले प्रेक्षक. मुंबईच्या कित्येक नटांचा आवाज पहिल्याने येथेच कसाला लागला असेल.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ 1958 मध्ये ग्रंथरूपाने आली आणि 1961 पासून तिचे एकपात्री प्रयोग सुरू झाले. हे रूपांतर इतके सहज का झाले, याचा विचार करण्याजोगा आहे. त्या पुस्तकातील माणसे आपल्याला त्यांच्या बोलण्यावरून कळतात. त्यांच्या अंतरंगात लेखक फारसा शिरत नाही. भ्रमणमंडळ असो की उपास असो, एकाच्या खाजगी संकल्पाचा पाहता पाहता साऱ्या चाळीचा ठराव होतो. टीकाकारांनी याला पु. लं.च्या नकलाकार प्रतिभेचे फळ मानले. ते खरेच आहे. परंतु गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला शेजारी असाच कळतो: आवाजावरून, लकबीवरून, अर्धवट ऐकलेल्या वाक्यावरून. मन दिसत नाही. कलकत्त्याच्या रोयाकावर अड्डा जमला, अहमदाबादच्या पोळीत ओटल्यावर गप्पा रंगल्या. तेथे बसावयाला मनुष्य आपण होऊन येतो. गॅलरीत तसे येणे-जाणे नसते. संडासाला जाणाराही शेजाऱ्याच्या दारावरून जातो आणि चार शब्द बोलतो. या सक्तीच्या शेजारातून विनोद निघाला. कारण विनोदावाचून ते सहन होण्यासारखे नव्हते.

दुसरे कारण कायद्यात आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाडेकरूने जागा सोडली नाही. तीन-तीन पिढ्या एकाच खोलीत राहिल्या. पात्रांचा असा स्थिर संच युरोपातील महानगरी कादंबरीला सहसा लाभला नाही. तिचे पात्र सतत घर बदलते. आपल्या चाळवाङ्मयातील खेडेगावासारखी वाटणारी ओळख मराठी स्वभावाच्या ओलाव्यातून आली असे म्हणण्याची प्रथा आहे. तिच्यातील बराच वाटा या कायद्याचा आहे.

मात्र सर्व चाळी गॅलरीच्या नव्हत्या, आणि येथे स्मरणरंजनाची कसोटी लागते. 1920 नंतर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या 207 चाळी उभारल्या, त्याच बी.डी.डी. चाळी. मजल्यावर वीस, म्हणजे एका चाळीत ऐंशी खोल्या. प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. येथे खर्च आणखी वाचविण्यासाठी बाहेरची गॅलरी काढून टाकून इमारतीच्या पोटातून मार्ग नेला, दोहों बाजूंस खोल्या. आरंभी कामगार तेथे राहावयासच येईनात; पुढे कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला, आणि आराखड्यात फारसा फेरफार करावा लागला नसावा! या अंधाऱ्या बोळात बसणे नाही, समोरचा शेजारी वीस फुटांवर नाही. मनुष्य खोलीतून निघतो तो थेट रस्त्यावर येतो. नारायण सुर्वे यांच्या कवितेत गिरणगावातील रस्ता, नाका, कारखान्याचा दरवाजा आहे. गॅलरीतील गप्पिष्टपणा नाही. प्रतिभांचा नि वर्गांचा भेद तर आहेच; पण नकाशाचाही भेद आहे, एवढेच माझे म्हणणे.

यापुढे जाऊन वास्तूच सर्व घडविते असे कोणी म्हणेल तर ते मात्र मान्य करता येणार नाही. खोली कोणाला मिळावी हे कोनाच्या नियमाने ठरत नव्हते. कोकणस्थांची चाळ, सारस्वतांची चाळ, अमक्या तालुक्यातील गाववाल्यांचा गाळा, अशीच मुंबई वसली. डॉ. आंबेडकर परळच्या ट्रस्ट चाळीतील दोन खोल्यांत 1912 पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता तोच होता. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत खोलीचा आणि जातीचा प्रश्न एकच होतो. दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) मधील कावाखान्यात तर एका घराचे पोटभाडेकरूंमध्ये तुकडे झालेले आहेत. या लेखकांचे गद्य ‘बटाट्याची चाळ’शेजारी ठेवून, एकाच शहराच्या भाडेव्यवहाराचे दोन पुरावे म्हणून, आपण अद्याप वाचलेले नाही.

आणि एकांताचे काय? नवविवाहितांना एक रात्र मिळू नये, हा ‘मुंबईचा जावई’ (1970) या चित्रपटाचा विषय. त्यावरून निघालेला ‘पिया का घर’ (1972) साऱ्या देशाने पाहिला आणि तो हसला. पण नळावर पहाटे चारला उभी राहणारी आणि गॅलरीतून चालताना दहा दारांतील नजरा झेलणारी स्त्री या विनोदी वाङ्मयात बहुधा पुरुषाच्या कानांनीच ऐकली गेली आहे.

1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओसरले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात त्या खोलीतील भांडण आहे, पण ते ऐकून हसणारी गॅलरी उरलेली नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींचे पुनर्बांधकाम 2021 मध्ये सुरू झाले आणि 2025 च्या ऑगस्टात पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या सदनिका देण्यात आल्या. तेथे उद्वाहक आहे, घरात नळ आहे, संडास आहे, आणि दार लावले म्हणजे ते लागते. चाळ गेली म्हणून हळहळणारे लेख मी अलीकडे पुष्कळ वाचले. त्यांचे लेखक बहुतेक चाळ सोडून गेलेले पुरुष आहेत.