कुंपणापासून संगणकापर्यंत : अणुकेंद्रांच्या पहाऱ्याचा इतिहास

१/ ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची अणुवीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल स्थापन झाले. पुढे अणुवीज केंद्रांचा सशस्त्र पहारा याच दलाकडे आला.

२/ प्रारंभी पहारा म्हणजे कुंपण, फाटक आणि बंदूकधारी शिपाई. १९७० च्या दशकात मात्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या शिफारशींमधून या व्यवस्थेला शास्त्राचे रूप येऊ लागले. या शास्त्राची तीन अंगे आहेत : घुसखोराचा सुगावा, त्याला विलंब आणि त्याचा प्रतिकार.

३/ यामागील गणित सोपे, पण कठोर आहे. समजा, सशस्त्र तुकडीला पोहोचण्यास पाच मिनिटे लागतात. मग धोक्याची घंटा वाजल्यानंतर पुढील भिंती व दारांनी घुसखोराला पाच मिनिटांहून अधिक काळ रोखलेच पाहिजे. घंटा वाजण्यापूर्वी ओलांडलेली भिंत या हिशेबात धरली जात नाही. म्हणूनच कंपन टिपणारे संवेदक आणि कॅमेरे अगदी बाहेरच्या कड्यात बसवतात.

४/ परंतु ज्याला आत येण्याची मुभाच आहे, त्याचे काय? ८ ऑक्टोबर २०१४ रोजी कल्पाक्कम येथे सुरक्षा दलाच्याच एका जवानाने आपल्या तीन सहकाऱ्यांना गोळ्या घालून ठार केले. अशा आतल्या धोक्यासाठीच संवेदनशील जागी एकट्याला प्रवेश न देण्याचा, दोघांच्या उपस्थितीचा नियम जगभर वापरला जातो.

५/ तिसरी वाट तारेची. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट'ने इराणमधील नतान्झची यंत्रे बिघडवली. सप्टेंबर २०१९ मध्ये कुडनकुलमच्या एका संगणकात घातक प्रणाली आढळली. २९ ऑक्टोबरला केंद्राने हल्ल्याची शक्यताच नाकारली. दुसऱ्याच दिवशी मुंबईस्थित अणुऊर्जा महामंडळाने संसर्ग मान्य केला. तो प्रशासकीय जाळ्यापुरताच होता, अणुभट्टीचे नियंत्रण त्यापासून अलग होते, असे महामंडळाने स्पष्ट केले.

६/ महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. तटबंदीने न पडलेले किल्ले फितुरीने पडल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. म्हणून तंत्रज्ञान कितीही सूक्ष्म झाले, तरी पहाऱ्याची खरी कसोटी दोन ठिकाणी लागते : दार कोणासाठी उघडले जाते, आणि चूक आढळल्यावर ती किती लवकर मान्य केली जाते.