सागर परिक्रमा (भारतीय नौदल)

सागर परिक्रमा ही शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची भारतीय नौदलाची मोहीम होय. या मोहिमेत कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. शिडाच्या नौकेतून एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता हाच पराक्रम केला. महिला अधिकाऱ्यांच्या मोहिमा ‘नाविका सागर परिक्रमा’ या नावाने ओळखल्या जातात.

पार्श्वभूमी

भारतीय सैन्यदलाच्या अभियंता विभागातील चमूने ‘तृष्णा’ या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. एकट्या भारतीयाने हे साहस करावे, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मांडली. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व केल्याबद्दल आवटी यांना वीरचक्र मिळाले होते. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. बारामतीहून दक्षिणेकडे नीरा नदी ओलांडली की हा परिसर लागतो. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या सीमेवर राहणाऱ्या या दर्यावर्द्याने मोहिमेचा पाठपुरावा केला.

२००६ मध्ये दोंदे यांनी मोहिमेसाठी स्वतःहून नाव दिले. प्राथमिक अनुभवासाठी ते ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये जगातील पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा केली होती. त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईतच बांधलेली होती.

प्रदक्षिणेच्या अटी

अशा प्रदक्षिणेसाठी पुढील अटी सामान्यतः मानल्या जातात :

• प्रवासाचा आरंभ व शेवट एकाच बंदरात व्हावा.
• सर्व रेखावृत्ते ओलांडावीत आणि विषुववृत्त किमान दोनदा ओलांडावे.
• एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांपेक्षा कमी नसावे.
• केप लुईन, केप हॉर्न आणि केप ऑफ गुड होप या तीन भूशिरांना वळसा घालावा. सुएझ किंवा पनामा कालव्याचा वापर करू नये.

नौका

मोहिमेसाठी ‘म्हादेई’ ही ५६ फूट लांबीची नौका गोव्यातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधण्यात आली. गोव्याची मांडवी नदी म्हादेई या नावानेही ओळखली जाते. त्यावरून नौकेचे नाव ठेवले गेले. नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. याच शिपयार्डने पुढे ‘तारिणी’ ही दुसरी नौका बांधली. ती १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात दाखल झाली.

प्रस्थान व मार्ग

प्रस्थानाचा काळ केप हॉर्नवरून ठरतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे हे भूशिर वादळे, थंडी व उंच लाटा यांसाठी कुप्रसिद्ध आहे. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, ते ओलांडणे त्यातल्या त्यात सुरक्षित असते. म्हणून भारतातून ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात निघावे लागते. दक्षिण महासागरातील जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने प्रदक्षिणेची दिशाही पूर्वेकडील असते. थांबे घेणाऱ्या मोहिमांचा क्रम फ्रीमँटल (ऑस्ट्रेलिया), लिटलटन (न्यूझीलंड), पोर्ट स्टॅनली (फॉकलंड बेटे) आणि केपटाउन (दक्षिण आफ्रिका) असा राहिला आहे.

एकदा किनारा सुटला की शिडांची दुरुस्ती, स्वयंपाक, सुकाणू आणि हवामानाचा अंदाज ही सारी कामे नौकेवरील माणसांनाच करावी लागतात. एकट्या दर्यावर्द्याला सलग झोपही मिळत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वीच्या सराव-सफरी, सुटे भाग आणि शिधा यांची तयारी प्रवासाइतकीच महत्त्वाची ठरते.

मोहिमा

दिलीप दोंदे : १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’तून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. त्यांना शौर्यचक्र मिळाले. ‘द फर्स्ट इंडियन’ हे त्यांचे पुस्तक या प्रवासावर आहे.

अभिलाष टॉमी : १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’तूनच निघून ३१ मार्च २०१३ रोजी विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांना कीर्तिचक्र मिळाले.

नाविका सागर परिक्रमा : वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजयादेवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता या सहा अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’तून निघाल्या. त्यांनी १९ जानेवारी २०१८ रोजी केप हॉर्न ओलांडले. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला थांबावे लागले. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, त्या गोव्यात पोहोचल्या.

नाविका सागर परिक्रमा २ : दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’तून निघाल्या व २९ मे २०२५ रोजी परतल्या.

अन्य नौकांसमवेत

सागर परिक्रमेत नौका एकटीच निघते. शर्यतीत अनेक नौका एकाच दिवशी प्रस्थान करतात. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन येथून सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत टॉमी यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’ या ‘सुहैली’च्या प्रतिकृतीतून भाग घेतला. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेले आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन तात्पुरते शीड उभारून त्यांच्या मदतीसाठी निघाले. अखेरीस २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने टॉमी यांना वाचवले व नंतर मॅकगकिन यांनाही नौकेवर घेतले. शर्यतीतले प्रतिस्पर्धी संकटात एकमेकांचे पहिले साहाय्यक ठरतात, ही दर्यावर्द्यांची जुनी रीत या प्रसंगात दिसली. टॉमी पुन्हा समुद्रावर उतरले आणि २०२२ च्या शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.