व्यसनोत्तर जीवन
दारू किंवा अमली पदार्थ सोडल्यानंतर ते न घेता जगण्याचा प्रदीर्घ काळ. शरीरातले विष काही दिवसांत उतरते; खरे काम त्यानंतर सुरू होते आणि त्याला ठरावीक मुदत नसते.

महाराष्ट्रात या वाटचालीला आधार देणारे ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. लेखक अनिल अवचट यांच्या 'गर्द' या अमली पदार्थावरील लेखनाने साहित्यिक पु. ल. देशपांडे व त्यांच्या पत्नी सुनीता अस्वस्थ झाले. त्यांच्या आर्थिक मदतीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले. त्याला घडवले ते प्रामुख्याने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचे असले, तरी घरी परतल्यावरचा पाठपुरावा तितकाच मोलाचा मानला जातो. बरे झालेले अनेक जण तेथेच समुपदेशक झाले. नव्याने आलेल्या माणसाची थरथर, खोटे बोलणे, लाज हे सारे त्यांना आतून ठाऊक असते. असा आधार पुस्तकी ज्ञानातून मिळत नाही.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपींच्या स्वमदत गटांची 'फक्त आजचा दिवस' ही रीत मराठी गटांतही रुळली आहे. आयुष्यभराची शपथ माणसाला दडपून टाकते, एक दिवस मात्र पेलतो.

घसरण होऊ शकते. तिला नैतिक पराभव न समजता आजाराचा भाग मानून लगेच मदत घ्यावी लागते. जुने मित्र, पगाराचा दिवस, लग्नाची वरात, एकटेपणा हे नेहमीचे धोके. घरच्यांचा विश्वास सर्वांत उशिरा परततो. वर्षानुवर्षे धास्तावलेल्या पत्नीलाही स्वतंत्र आधार लागतो.