ग्लायफोसेट (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

ग्लायफोसेट : जगात सर्वाधिक खपाचे तणनाशक. मॉन्सँटो कंपनीतील जॉन फ्रांझ यांनी १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण ओळखला. १९७४ पासून ते ‘राउंडअप’ नावाने विकले जाऊ लागले. पानांतून ते मुळांपर्यंत उतरते व आवश्यक ॲमिनो आम्ले तयार करणारे विकर बंद पाडते. म्हणून खुरपणीला न जुमानणारी हराळी आणि कुंदाही वाळतो.

भारतात त्याची शिफारस चहाचे मळे व पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच आहे. कापूस-सोयाबीन-मोसंबीच्या जालन्यात चहा नाही. तरीही मराठवाडा-विदर्भात ते बांधावर, बागेत आणि तणनाशक सहन करणाऱ्या अनधिकृत ‘चोर बीटी’ कपाशीत फवारले जाते. अशाच वाणाच्या परवानगीसाठी जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापलेल्या महिको कंपनीने केलेला अर्ज तिनेच २०१६ मध्ये मागे घेतला; बेकायदा बियाणे मात्र पसरत राहिले. यात शेतकऱ्याचा लोभ शोधणे अन्यायाचे आहे. झड लागली की वाफसा होत नाही, कोळपे चालत नाही आणि निंदणीला मजूर मिळत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ (गट २अ) ठरवले. अमेरिकी व युरोपीय नियामकांना हे मान्य नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याच्या परवान्याला दहा वर्षांची मुदतवाढ दिली. पण नियामकांचा हिशेब लेबलाप्रमाणे होणाऱ्या वापराचा असतो. हातमोजे, बूट, मास्क नसताना, गळका पंप पाठीवर घेऊन ओल्या पिकातून चालणारा मजूर त्या हिशेबात बसत नाही.

औषध पोटात गेल्यास उलट्या, घशाची जळजळ, पुढे फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होणे संभवते. मिश्रणातील चिकटद्रव्यही विषारी असते. यावर खास उतारा नाही. ‘गवताचे औषध’ म्हणूनच ओळखले जाणारे पॅराक्वाट हे दुसरे तणनाशक याहून कितीतरी घातक असल्याने रुग्णासोबत बाटली नेणे अत्यावश्यक ठरते.

काळ्या मातीत ग्लायफोसेट घट्ट धरले जाते, तरी धुपलेल्या गाळाबरोबर ते ओढ्यांत व शेततळ्यांत उतरू शकते. काही मिश्रणे बेडकांच्या पिलांना मारक असतात. बांध उजाड झाल्याने वैरण जाते, मधमाश्यांची फुले जातात. वाऱ्याने उडालेले तुषार शेजारच्या तुरीलाही लागतात. एकच औषध वर्षानुवर्षे मारल्यास तण त्याला दाद देईनासे होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने फवारणीचा अधिकार फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांना दिला. हा व्यवसाय मुख्यतः शहरांतला. जालना जिल्ह्यातील मंठा-घनसावंगीच्या शिवारात या निर्णयाची अंमलबजावणी कोणी करायची, याची तजवीज आदेशासोबत झाली नाही.