माहोनचा विजय आणि अंड्याचा बलक

सँडविचसाठी कापलेल्या पावावर किंवा सॅलडच्या बशीत जो दाट, पिवळसर लेप आपण घालतो, त्या मेयोनीजच्या नावाला एका लढाईची आख्यायिका चिकटलेली आहे. ही आख्यायिका पाककृतींच्या पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून इतक्या वेळा छापली गेली आहे की, तिला आता इतिहासाचाच दर्जा मिळाला आहे. ती कागदोपत्री कितपत टिकते, हे येथे तपासून पाहावे असे आम्हांस वाटले. या तपासणीतून केवळ एका शब्दाचे मूळ कळते असे नाही, तर स्वयंपाकघरातील श्रमाचे श्रेय कोणाच्या पदरात पडते, याचाही थोडाफार उलगडा होतो.

आख्यायिका अशी. भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेट त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात होते. १७०८ साली त्यांनी ते जिंकले आणि १७१३ च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. एप्रिल १७५६ मध्ये फ्रेंच सैन्य या बेटावर उतरले. सेनापती होते ड्यूक द रिशेल्य, प्रसिद्ध कार्डिनल रिशेल्य यांच्याच घराण्यातील. माहोन बंदराच्या मुखाशी असलेल्या सेंट फिलिप किल्ल्याला त्यांनी वेढा घातला. किल्ल्याच्या मदतीसाठी ॲडमिरल जॉन बिंग यांचे इंग्रज आरमार आले, पण मे महिन्यात झालेल्या सागरी लढाईनंतर ते माघारी वळले. जूनच्या अखेरीस किल्ला पडला. बिंग यांच्यावर लष्करी खटला चालला आणि १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथ येथे जहाजाच्या डेकवर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. इथपर्यंतचे सारे निर्विवाद आहे.

यापुढे आचारी प्रवेश करतो. विजयाच्या मेजवानीसाठी त्याला साय घालून सॉस करावयाचा होता. बेटावर साय मिळेना, तेव्हा त्याने अंड्याच्या बलकात ऑलिव्हचे तेल घोटले, आणि जे तयार झाले त्याला माहोनच्या सन्मानार्थ 'माहोनेज' असे नाव मिळाले. काही जण तर आचाऱ्यालाही बाजूला सारून खुद्द ड्यूकसाहेबांनाच या शोधाचे जनक ठरवतात! पराभूत ॲडमिरलने प्राण गमवावेत आणि विजेत्या सेनापतीला किल्ल्याबरोबर सॉसही मिळावा, असा हा न्याय आहे.

अडचण अशी की, हा शब्द त्या लढाईनंतर सुमारे अर्धे शतक छापील पानावर दिसत नाही. पॅरिसमध्ये त्या काळी पाककलेच्या पुस्तकांना तोटा नव्हता. मेनों या लेखकाचे मध्यमवर्गीय गृहिणींसाठी लिहिलेले पुस्तक १७४६ साली निघाले होते आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत होत्या. दरबारातील मेजवानीचा एवढा गाजलेला पदार्थ असता, तर तो इतकी वर्षे अज्ञातवासात राहता ना. 'मेयोनेज' हा शब्द छापून येतो तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. १८०६ साली अलेक्सांद्र व्हियार यांच्या पुस्तकात तो आहे, पण तेथील सॉस आपल्या ओळखीचा नाही. त्याचा दाटपणा बलक आणि तेल यांच्या मिलाफाचा नसून मांसरसाच्या थिजलेल्या जेलीचा आहे. पुढील काही वर्षांत जेली मागे पडली आणि बलक पुढे आला.

नावाविषयी तर फ्रेंचांतच एकमत नव्हते. कोणी ते बायोन शहरावरून 'बायोनेज' असावे म्हणत. कोणी बलकाला जुन्या फ्रेंच भाषेत असलेल्या 'मोय्य' या शब्दाकडे बोट दाखवीत. थोर आचारी आंतोनँ कारेम यांनी १८२८ सालच्या आपल्या ग्रंथात 'मान्योनेज' असे रूप धरले आणि त्याचा संबंध हाताळणे, घोटणे या अर्थाच्या 'मानिए' या क्रियापदाशी जोडला. (कारेम म्हणजे फ्रेंच भाषेत उपवासकाळ. ज्या काळात मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्ती माणसाने अंडे आणि लोणी वर्ज्य मानले, त्या काळाचे नाव लावणाऱ्या माणसाने अंड्याच्या सॉसला प्रतिष्ठा मिळवून द्यावी, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.) कारेम यांची व्युत्पत्ती भाषापंडितांना पटलेली नाही. तरीही ती आम्हांस मोलाची वाटते, कारण या स्पष्टीकरणात लढाईही नाही आणि शहरही नाही. तिच्यात फक्त हाताचे काम आहे. बालपणीच घर सुटलेल्या आणि पॅरिसच्या भटारखान्यात राबून वर आलेल्या माणसाला तेच दिसावे, हे स्वाभाविक आहे.

मग माहोनचा काहीच संबंध नाही काय? तसेही म्हणवत नाही. लसूण आणि तेल खलबत्त्यात घोटून केलेला 'आलिओली' कातालान भाषा बोलणाऱ्या प्रदेशात फार जुना आहे. मिनोर्काच्याच फ्रान्सिस्कन संघातील फ्रा रोजेर या व्रतस्थाचे पाककलेवरील अठराव्या शतकातील हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यात 'आयोली बो', म्हणजे 'चांगली आयोली', असा उल्लेख येतो, आणि काही अभ्यासक हीच मेयोनीजची पूर्वावस्था मानतात. हे खरे धरले, तर आचाऱ्याच्या हाती साय नव्हती म्हणून हा शोध लागला, ही गोष्टच कोसळते. बेटावरच्या बायाबापड्या आणि मठातले स्वयंपाकी जे रोज करीत होते, ते फ्रेंचांनी चाखले आणि सोबत नेले, एवढेच उरते. स्पॅनिश अकादमीने आपल्या कोशात 'मायोनेसा' आणि 'माओनेसा' ही दोन्ही रूपे ठेवून वाद मिटवण्याचे टाळले आहे. आमचे मत विचाराल तर लसणीच्या खलबत्त्याकडे आमचा कल आहे, सेनापतीकडे नाही.

आता त्या घोटण्याविषयी. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे आपण जाणतो. बलकात निम्मे पाणीच असते, पण त्यात लेसिथिन नावाचे द्रव्य आणि काही प्रथिनेही असतात. ही द्रव्ये तेलाच्या प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती वेष्टन घालतात आणि थेंबांना पुन्हा एकमेकांत मिसळू देत नाहीत. शास्त्रात अशा मिश्रणाला पायस म्हणतात. गोब्ले या पॅरिसच्या औषधविक्रेत्याने १८४५ च्या सुमारास बलकातून हे द्रव्य वेगळे काढले आणि १८५० मध्ये बलकाच्या ग्रीक नावावरून त्याला लेसिथिन हे नाव दिले. स्वयंपाकघराने हा नियम त्यापूर्वीच हाताने शिकून घेतला होता: एका बलकाला चिमूटभर वाटलेली मोहरी, चमचाभर व्हिनेगर आणि साधारण दीडशे मिलिलिटर तेल. आरंभी तेल थेंबाथेंबानेच घालावयाचे, मिश्रण दाटू लागले की बारीक धारेने. घाई झाली तर सॉस फाटतो. पण फाटलेला सॉस टाकून देण्याचे कारण नाही. दुसऱ्या वाडग्यात नवा बलक घ्यावा आणि फाटलेले मिश्रण त्यात थेंबाथेंबाने फेटावे, म्हणजे ते पुन्हा सांधते.

या घोटण्यामुळेच हा सॉस शंभर वर्षे श्रीमंतांच्या टेबलाचा राहिला. मागे राबणारा हात हवा. तो विकत मिळू लागला अमेरिकेत. रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने १९०५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबस ॲव्हेन्यूवर खाद्यपदार्थांचे दुकान काढले आणि पुढे काही वर्षांतच निळ्या फितीचे चित्र असलेल्या बरणीतून सॉस विकण्यास आरंभ केला. मूळ कृती त्यांच्या पत्नीची होती, असे सांगतात. बरणीवर नाव मात्र पतीचे. जपानमध्ये नाकाशिमा यांनी १९२५ मध्ये केवळ बलकाचे मेयोनीज बाजारात आणले. मंदीच्या काळात, १९३३ साली, शिकागोच्या प्रदर्शनात कमी तेलाचे, स्वस्त 'सॅलड ड्रेसिंग' आले. अमेरिकन कायद्याने मेयोनीज म्हणवून घ्यायला वजनाच्या किमान ६५ टक्के तेल लागते. ड्रेसिंगला त्याच्या निम्म्याहून कमी पुरते.

बरणीतील सॉस टिकतो तो त्यातील आंबटपणामुळे आणि निर्जंतुक केलेल्या अंड्यांमुळे. घरचा सॉस टिकत नाही, आणि जुन्या स्वयंपाकघराने तो टिकवण्याचा आग्रहही धरला नव्हता. सकाळी घोटावा, दुपारच्या जेवणात संपवावा, अशी त्याची रीत होती. बरणीची सवय लागल्यावर सॉस कोठेही, कितीही वेळ राहू शकतो, असा समज पसरला, आणि मग कच्च्या अंड्याचा घरगुती सॉसही तशाच भरवशाने गाड्यावर, उन्हात, उघडा राहू लागला. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये अंड्यांतील साल्मोनेला जंतूंवरून मोठे वादळ उठले आणि एका मंत्र्यांना पद सोडावे लागले. आपल्या देशात या प्रश्नाने माणसांचे बळी घेतले. विषबाधेच्या घटनांनंतर केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. हैदराबादमध्ये मोमो खाऊन अनेक जण आजारी पडले व एका स्त्रीचा मृत्यू झाला, तेव्हा तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक वर्षासाठी तशीच बंदी केली. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनेही एक वर्षाची बंदी जाहीर केली. बाधित झालेली माणसे कोणा ड्यूकच्या मेजवानीला बसलेली नव्हती. संध्याकाळी कामावरून परतताना वीस-तीस रुपयांत भूक भागवणारी ती माणसे होती. त्यांच्या बशीत पडणाऱ्या चमचाभर सॉसची चिंता वाहणे, हे आम्हांस त्याच्या नावाच्या वादापेक्षा अधिक निकडीचे वाटते.

मुंबईच्या सँडविचवाल्याने लोणी आणि हिरव्या चटणीवर बराच काळ निभावले. पुढे बिनअंड्याचे मेयोनीज आले, ज्यात बलकाचे काम दुधातील किंवा सोयाबीनमधील प्रथिने करतात. ज्यांना अंड्याचेच हवे, त्यांनी बलक शिजवून घ्यावा. दोन बलक, दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि तितकेच पाणी जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर सतत ढवळत राहावे. मिश्रण दाटून एक-दोन ठिकाणी बुडबुडा आला की लगेच उतरवावे आणि चार-पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. मग मोहरी, मीठ आणि थेंबाथेंबाने वाटीभर तेल घालून फेटावे. ऑलिव्हचे तेल कडवट वाटल्यास शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे चालते. उरलेला सॉस लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत सहलीच्या डब्यात तो मुळीच देऊ नये.